हितसंबंधी साक्षीदार

जमिनीच्या दाव्यात ज्याला त्या जमिनीचा वाटा मिळावयाचा असतो, असा मनुष्य साक्षीस उभा राहिला म्हणजे त्याला आम्ही हितसंबंधी साक्षीदार म्हणतो. तेवढ्याच कारणाने त्याची साक्ष फेकून द्यावी, असे कायदा सांगत नाही; ती अधिक सावधपणे पारखून घ्यावी, इतकेच सांगतो. असा साक्षीदार खोटेच बोलतो असे नाही. किंबहुना पुष्कळदा खरा प्रकार त्यालाच सर्वांत अधिक ठाऊक असतो. परंतु आपण जे पाहिले आणि जे घडावे अशी आपली इच्छा होती, या दोहोंमधील रेषा त्याची त्यालाच नीट दिसत नाही. वकिलीच्या व्यवसायात हा नियम मी प्रतिपक्षाच्या साक्षीदारांवर अनेकदा चालविला. तो धर्माच्या रखवालदारांसही लागू पडतो, आणि मलाही लागू पडतो, हे मला एका ख्रिस्ती पाळकाने शिकविले. तेही न्यायालयाच्या बाहेर, लालबागेत.

खान नदीच्या काठचा होळकरांचा हा राजवाडा दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १८८६ मध्ये बांधावयास घेतला आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीत १९२१ मध्ये पुरा झाला. त्याच्या आसपासच माझे घर आहे. एका हिवाळ्यात नगर जिल्ह्यातील एक वृद्ध पाळक आपल्या मुलीकडे इंदुरास आले होते आणि एका प्रतिज्ञापत्राच्या निमित्ताने त्यांची माझी ओळख झाली. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. अहिल्याबाईंचा जन्म तेथल्याच चौंडी गावचा. तेव्हा इंदूरकराला तिकडचा मनुष्य परका वाटण्याचे कारण नाही. काम संपले तरी सायंकाळी बरोबर फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ पडला.

ख्रिस्ती लोक आपल्या उपासकसमूहाला मंडळी म्हणतात आणि तिच्या धर्मगुरूला पाळक. शब्द मेंढपाळाच्या व्यवसायातून आलेला आहे. गोपाळाला भजणाऱ्या आपल्यासारख्यांना तो सहज कळावा. या गृहस्थांकडे पाच खेड्यांतील मंडळ्या होत्या. सेवेच्या शेवटच्या वर्षी त्यांनी जे पाहिले, ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितले. तरुण मुले पुण्याकडच्या कारखान्यांत गेली होती. एका गावी रविवारच्या उपासनेस नऊ माणसे उरली, त्यांत सात म्हाताऱ्या. दुसऱ्या गावची दोन घरे प्रार्थनेने आजार बरे करू म्हणणाऱ्या नव्या उपदेशकांकडे गेली. तिसऱ्या गावच्या एका मुलीने हिंदू घरात लग्न केले. चौथ्या गावी एक शेतकरी कोठेच गेला नाही. तो नुसता यावयाचा थांबला.

पाळक त्याच्या घरी गेले. चहा झाला. मग त्यांनी विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, “पाळकसाहेब, मी का येत नाही ते विचारायला आलात. माझी म्हैस मेली तेव्हा का नाही आलात?”

“वकीलसाहेब,” पाळक मला म्हणाले, “मी उठून चालू लागलो आणि वाटेत माझ्या ध्यानात आले, की मी त्याला भेटायला गेलोच नव्हतो. माझ्या वहीतला एक आकडा कमी झाला होता, तो परत आणायला गेलो होतो.”

येथे मला एक जुना नैतिक प्रश्न नव्या रूपात दिसला. कळप वाढला किंवा घटला, माणसे आली किंवा गेली, तर त्या बदलाचा खरा अर्थ सांगावा कोणी? पाळकाने सांगावा, तर वाढीत त्याचा मान आहे आणि घटीत त्याची नामुष्की. ज्या कळपातून माणसे गेली त्याच्या रखवालदाराने सांगावा, तर त्याला चोरी झाल्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. दोघेही हितसंबंधी साक्षीदार. आणि या दोघांच्या भांडणात, जो मनुष्य आला किंवा गेला त्याला मात्र कोणी साक्षीस बोलावीत नाही.

नगर जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाशी प्रामाणिकपणे झगडलेला एक मोठा मनुष्य होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणस्थ ब्राह्मण, कवी, कीर्तनकार. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्यांचे आयुष्य अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीत, नगर-राहुरीच्या भागात गेले. ज्याला इकडे माळव्यात छप्पनिया म्हणतात तो १८९९-१९०० चा दुष्काळ याच काळातला. त्या दिवसांत धान्य मिशनच्या हातून मिळे आणि उपदेशही त्याच हातून मिळे. हे लोक पोटासाठी बाटले, असे आपली मंडळी म्हणत. हे लोक प्रभूकडे वळले, असे मिशनचे अहवाल म्हणत. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रां’त स्वतःचे सोवळे कसकसे सुटत गेले ते लिहिले आहे. ते वाचताना एक गोष्ट मनावर ठसते: अंतःकरण पालटते ते या दोन्ही जमाखर्चांच्या ओळींत बसत नाही. ते स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीपाशी, फार हळू पालटते.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्तावरील त्यांची निष्ठा यामुळे तिळमात्र कमी झाली नाही. लोकांनी त्याच्याकडे यावे ही त्यांची इच्छा अखेरपर्यंत होती. म्हणजे श्रद्धेचा हितसंबंध त्यांनी सोडला नाही, पदाचा सोडला. मोजणारी वहीच त्यांनी खाली ठेविली. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. व्यवहाराच्या दृष्टीने तो प्रयोग फसला, असे म्हणता येईल. परंतु जो मनुष्य येण्याजाण्याने आपला काही नफातोटा होत नाही अशा जागी जाऊन उभा राहतो, त्याच्या साक्षीचे वजन वाढते, हे त्याचा प्रतिपक्षीही नाकारू शकत नाही.

आता आपल्याकडे वळू. या मासिकाचे पुष्कळ वाचक ज्या देवस्थानांचे महाजन आहेत, त्यांच्या स्मरणात सोळाव्या शतकातील गोवा अजून ताजा आहे. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्णेची म्हाळसा म्हार्दोळास. देवळे पाडली गेली आणि गावेच्या गावे बाटविली गेली. ते दुःख खरे आहे. जबरदस्तीला जबरदस्ती म्हणण्यात मनाचा कोतेपणा नाही. परंतु दुःख खरे असले म्हणजे ते भोगणाराची प्रत्येक साक्ष निर्मळ ठरते, असे नाही. घर एकदा लुटले गेलेल्या मनुष्याला दारावरची प्रत्येक थाप दरोड्याची वाटू लागते. मग घरातला मुलगा आपल्या पायांनी बाहेर गेला, तरी तो चोर शोधू लागतो.

त्याच समाजाची दुसरी एक साक्ष कागदोपत्री नोंदलेली आहे. दक्षिण कानड्यातील मुलकी येथील श्रीवेंकटरमणाचे देवालय गौड सारस्वतांचे. मद्रास सरकारच्या १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्याविरुद्ध विश्वस्तांनी तक्रार नेली, ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. १९५७ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. देवालय त्या समाजाचे आहे हे न्यायालयाने मानले, काही विशेष विधी समाजापुरते राखण्याची मुभाही दिली. पण दर्शनाचा हक्क सर्व हिंदूंचा, असे ठरविले. निकाल मला न्याय्य वाटतो. तरी तो वाचताना मन अस्वस्थ होते. कोण गेले म्हणून शोक करणारे आपण, कोण आत येऊ नये म्हणून इतक्या दूरवर वकीलपत्रे घेऊन गेलो होतो.

हे सर्व मी विचार म्हणून लिहिले असते, तर लिहिण्याचा अधिकार मला नसता. म्हणून माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. मी एका लहान देवस्थानाच्या समितीवर होतो. देवळामागच्या गल्लीत एक कुटुंब राहत असे. प्रत्येक उत्सवाचा मांडव तेच घालीत आणि तेच उतरवीत. त्यांचा मुलगा ख्रिस्ती प्रार्थनेस जाऊ लागला असे कळले आणि समितीत खळबळ उडाली. कोणीतरी फूस लाविली असली पाहिजे, असे ठरले. तक्रारीचा मसुदा मी करावा, असेही ठरले. मी घरी येऊन कागद पुढे ओढला. मुलाचे पूर्ण नाव लिहावयाचे होते. ते मला ठाऊक नव्हते. समितीतील दोघांना विचारले; त्यांनाही ठाऊक नव्हते. चौदा उत्सवांच्या हिशेबात मांडवाचे पैसे बिनचूक लिहिलेले होते.

मग मी कायदा उघडला. धर्मांतराविषयी मध्यप्रदेशाचा पहिला कायदा १९६८ चा. पाद्री स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला आणि आपला धर्म समजावून सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे सांगितले. सध्याचा कायदा २०२१ चा. त्यात तक्रारीचा अधिकार त्या मनुष्याला स्वतःला आणि त्याच्या निकटच्या नातलगांना दिलेला आहे. शेजारच्या देवस्थानाला तो नाही. म्हणजे कायदा आम्हांला शांतपणे विचारीत होता, की तुमचे त्याच्याशी नाते काय? या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर माझ्या समितीपाशी नव्हते.

येथे कोणी म्हणेल, की असा विचार करू लागलो तर देवळे राखावी कोणी? ज्याला कळपाचे काहीच वाटत नाही, तो निःपक्ष असेल. पण तो राखणदार कसला? आक्षेप रास्त आहे. औदासीन्य म्हणजे निःस्वार्थ नव्हे. आई मुलाच्या बाबतीत पक्षपातीच असते, आणि असावी. परंतु मूल घर सोडून गेले म्हणजे ती त्याच्या जेवणाची चौकशी करते. घरातली माणसे किती उरली याची गणती करीत बसत नाही. फातर्प्याच्या देवीच्या उत्सवात कुंकळ्ळीच्या बारा वांगडांच्या छत्र्या निघतात आणि त्या घराण्यांतील ख्रिस्ती झालेले गावकरही त्यात भाग घेतात. चारशे वर्षांपूर्वी धर्म बदलला, पण नाते वहीतून खोडले गेले नाही. देवीने मोजणी केली नाही, असेच म्हणावे लागेल.

मसुदा मी केला नाही. समितीतील काही जण नाराज झाले आणि पुढल्या वर्षी माझे नाव यादीत राहिले नाही. मी गल्लीत गेलो तेव्हा मुलाची आई दारातच उभी होती. तिने मला आत बोलाविले नाही, आणि ते योग्यच होते. तिच्या घरी जाण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

पाळक परत जाण्यापूर्वी मी त्यांना त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, ते विचारले. ते म्हणाले, “मी पावसाळ्यात दोनदा गेलो. वही नेली नाही. तो उपासनेला अजून येत नाही. त्याने दुसरी म्हैस घेतली आहे, ती मात्र त्याने मला गोठ्यात नेऊन दाखविली.”