साहेबांना न विचारता

टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात पाहुणा खोली सोडून गेला, तरी त्याच्या केराच्या टोपलीतलं काही लगेच फेकून देत नाहीत. आणखी एक दिवस ते सांभाळून ठेवतात. एखाद्या चिठोऱ्यावर फोन नंबर लिहिलेला असेल, महत्त्वाची पावती चुकून टोपलीत गेली असेल आणि विमानतळावर पोचल्यावर पाहुण्याला त्याची आठवण होईल, म्हणून. ज्यांचं काही हरवत नाही त्यांना आपला कचरा कुणी जपला होता हे कधी कळतही नाही. उंची हॉटेल म्हटलं की आपल्याला झुंबरं, दारातला फेटेवाला आणि उशीवरचं चॉकलेट आठवतं. पैसे मोजले की हे सगळं मिळतंच. पण मी मागण्याआधी माझ्या अडचणीचा विचार कुणीतरी करून ठेवलाय, हे कळलं की परक्या शहरातला माणूस एकदम सैलावतो.

हे हुकमाने होत नाही. 'हसून बोला' असं परिपत्रक काढता येतं. मग काउंटरवर ते परिपत्रकच हसताना दिसतं. रिट्झ-कार्लटन या हॉटेलांच्या साखळीतला एक नियम या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्याची अडचण निस्तरण्यासाठी कुणीही कर्मचारी, अगदी खोल्या आवरणाराही, 2,000 डॉलरपर्यंतचा खर्च साहेबांना न विचारता करू शकतो. रक्कम डोळे दिपवणारी आहे खरी, पण मला त्यामागचा विश्वास जास्त मोलाचा वाटतो. समोरच्या माणसाला काय हवंय ते तिथे उभ्या असलेल्यालाच नीट कळणार, हे मालकाने मान्य केलेलं असतं.

त्याचं टोक मुंबईने पाहिलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ताजमहाल पॅलेसमधल्या एका मेजवानीच्या दालनात, बाहेर अतिरेक्यांचा गोळीबार चालू असताना, तिथल्या तरुण कर्मचाऱ्यांनी दारं लावून घेतली, दिवे घालवले, पाहुण्यांना टेबलांखाली झोपायला सांगितलं. नवरा-बायकोंनी वेगवेगळ्या ठिकाणी राहावं असंही सुचवलं, म्हणजे एकाच घरातली सगळी माणसं एकदम जायला नकोत. रात्रभर ते पाणी देत राहिले. सकाळी खिडकीतून सुटकेची वाट मिळाली, तेव्हा आधी पाहुणे उतरले. स्वयंपाकघरातल्या शेफमंडळींनी बाहेर पडणाऱ्यांभोवती आपल्या अंगांचं कडं केलं आणि त्यातले काही गेले. त्या हल्ल्यात ताजचे 11 कर्मचारी मारले गेले. हॉटेलाचे मागचे रस्ते त्यांना पाठ होते. त्यांना सगळ्यांत आधी निघून जाता आलं असतं.

पुढे रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या डिसेंबर 2011 च्या अंकात या वागण्याची मुळं शोधली. ताज माणसं लहान शहरांतून घेतं, मुंबईपेक्षा पुण्यातून, असं त्यांना आढळलं. (आदरातिथ्यासाठी पुणं! 'दुपारी बेल वाजवू नये' अशा पाट्या लावणाऱ्यांनी हे कापून भिंतीवर लावावं.) इतरत्र 12 महिन्यांत उरकणारं प्रशिक्षण ताजमध्ये 18 महिने चालतं. पाहुणा आणि कंपनी यांच्यात ओढाताण झाली तर पाहुण्याची बाजू घ्यायची, असं तिथे शिकवतात. कुणी चांगलं वागलं तर त्याचं कौतुक 48 तासांच्या आत व्हायला हवं, असा दंडक आहे.

त्याच लेखातली एक ओळ मात्र घशाखाली उतरत नाही. उमेदवारात तीन गोष्टी पाहतात: वडीलधाऱ्यांबद्दल आदर, आनंदी स्वभाव आणि गरज. म्हणजे त्याच्या घराला या पगाराची किती निकड आहे, ते. इतक्या उजळ सौजन्याच्या पायाशी असा हिशेब असावा? गरजवंताला अक्कल नसते असं आपण सहज म्हणून जातो. त्याला 'नाही' म्हणायची सोय नसते, हे जास्त खरं. मग त्याचं हसू त्याचं स्वतःचं किती आणि नोकरीचं किती? रोजच्या व्यवहारात हे ओळखण्याचा मार्ग पाहुण्याकडे नाही. बहुधा हसणाऱ्याकडेही नसावा.

पण त्या रात्रीचा उलगडा गरजेने होत नाही. पगार जिवंत माणसाला मिळतो. घरी वाट पाहणारे आईबाप, पोरंबाळं हे तर पळून जाण्याचं कारण होतं. म्हणून मला वाटतं, गरज माणसाला दारापर्यंत आणत असेल. पुढे मात्र 'पाहुण्याचं तू बघ' असं दीड वर्ष खरोखर सांगितलं गेलं आणि त्यांनी ते खरं मानलं.

असं सांगायला संगमरवर लागत नाही, तरी पंचतारांकित दाराबाहेर ते फारसं कुणी सांगत नाही. सरकारी दवाखान्यातल्या मावशींना पेशंट कसा आहे हे पुष्कळदा डॉक्टरांआधी कळतं. पण भेटीची वेळ संपल्यावर त्याच्या म्हाताऱ्या आईला आणखी दहा मिनिटं बसू द्यावं, एवढं ठरवायची मुभा त्यांना नसते. कितीतरी मावशी तरीही बसू देतात, सिस्टरची पाठ वळली की. ताजमध्ये याचं 48 तासांत कौतुक झालं असतं. इथे पकडलं गेलं तर मेमो.