यात्रेकरूचे तिकीट

२०२५ च्या पवित्र वर्षाला आरंभ होण्यापूर्वी काही महिने माझ्या भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. तो न्यू जर्सीत संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. "फादरमामा, रोमला जायची तयारी करा. मुंबईहून जाण्यायेण्याचे तिकीट मी काढतो. आणि संकोच मुळीच करू नका. विमानतळाचे कर सोडले तर मला ते फुकटच पडते आहे."

धर्मगुरूलाही यात्रेची ओढ असते. सेमिनरीत असताना रोमच्या इतिहासावर परीक्षा दिल्या, पण संत पेत्राच्या कबरीपाशी गुडघे टेकण्याचा योग आला नव्हता. त्यासाठी काही वर्षे थोडीथोडी रक्कम मी बाजूला टाकत होतो. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया निखळ आनंदाची झाली. दुसरी प्रतिक्रिया रात्री झाली. फुकट म्हणजे नेमके काय? विमानाला इंधन लागते, वैमानिकाला पगार लागतो. भाच्याने दिले नाहीत आणि मी दिले नाहीत, तर माझ्या आसनाचे पैसे दिले कोणी?

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले आणि त्याने उत्साहाने सारे समजावून दिले. अमेरिकेत बँका नव्या ग्राहकाला क्रेडिट कार्ड घेताच स्वागताचा बोनस देतात. पहिल्या तीन महिन्यांत चार हजार डॉलर खर्च करा, साठ हजार गुण मिळवा, असा काहीसा तो करार असतो. हे गुण विमान कंपन्यांच्या खात्यात वळवता येतात आणि त्यांवर तिकीट निघते. कार्ड निवडताना तो कोष्टकच मांडतो. बोनस किती, वार्षिक शुल्क किती, गुण कोणकोणत्या विमान कंपन्यांकडे वळतात, हव्या त्या तारखांना त्यांच्याकडे आसने असतात का, आणि ठरलेला खर्च घरभाडे, किराणा, विमा यांतून आपोआप होतो की उगाच काही विकत घ्यावे लागते. चोवीस महिन्यांत पाच किंवा अधिक नवी कार्डे घेतलेल्याला चेस बँक सहसा नवे कार्ड देत नाही, म्हणून कोणते आधी आणि कोणते नंतर, हाही क्रम ठरलेला. प्रत्येक बिल तो मुदतीपूर्वी पूर्ण भरतो. आजवर व्याजाचा एक सेंटही त्याने दिलेला नाही.

हे ऐकून मला लूकच्या शुभवर्तमानातील चतुर कारभाऱ्याची आठवण झाली. प्रभूने त्याच्या अप्रामाणिकपणाची नव्हे, दूरदृष्टीची वाखाणणी केली होती. माझा भाचा तर अप्रामाणिकही नाही. अर्जात तो खोटे उत्पन्न लिहीत नाही, करार मोडत नाही. बँकेने स्वतःहून मांडलेल्या ताटातून तो जेवतो. मग माझ्या मनाला टोचत होते ते काय?

ते शोधण्यासाठी या ताटाचा इतिहास थोडा पाहावा लागेल. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात साठ हजार लोकांना, कोणी मागितलेली नसताना, टपालाने क्रेडिट कार्डे पाठवली. ऋण मागायला माणसाने सावकाराच्या दारी जावे, ही जुनी रीत त्या दिवशी उलटली आणि ऋणच माणसाच्या दारी आले. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांसाठी मैलांची योजना काढली आणि पुढे बँकांनी तिच्याशी सोयरीक जुळवली. २०१६ साली चेस बँकेने एका कार्डावर एक लाख गुणांचा बोनस जाहीर केला. त्याला इतका प्रतिसाद मिळाला की त्यापायी एका तिमाहीचा नफा वीस ते तीस कोटी डॉलरनी घटेल, असे बँकेलाच सांगावे लागले. हिशेबात मुरलेली संस्था इतके पैसे उधळते, तेव्हा ती ते पुढे कोठून तरी वसूल करणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

वसुलीच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली दुकानदाराकडून. कार्डावरच्या प्रत्येक विक्रीमागे त्याच्या पैशातून साधारण दोन टक्के कापले जातात आणि मानाच्या कार्डांवर त्याहूनही जास्त. दुकानदार ते किमतीत मिळवतो आणि किंमत तर सर्वांना एकच असते. म्हणजे रोख पैसे मोजणारी मोलकरीणही पावाच्या किमतीत दुसऱ्याच्या विमानप्रवासाची वर्गणी भरते. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अभ्यासकांनी २०१० साली याचा अंदाज बांधला होता. रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या खिशातून वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे जातात आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला त्यातून १,१३३ डॉलर मिळतात, असा तो हिशेब होता. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावरील आंतरबँक शुल्काला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. तेथे असे घसघशीत बोनस फारसे दिसत नाहीत, याचे एक मोठे कारण हेच. झरा आटला की पाट कोरडा पडतो.

दुसरी वाट व्याजाची. अमेरिकेत कार्डावरील सरासरी व्याज २०२३ पासून वर्षाला वीस टक्क्यांच्या वर राहिले आहे आणि त्याच वर्षी तेथील कार्डांवरची एकूण थकबाकी एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली. बिल पूर्ण न भरणारा हे व्याज देतो, भरणारा बक्षीस नेतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे आणि गरिबांकडून श्रीमंतांकडे या मार्गाने वर्षाला सुमारे १५.१ अब्ज डॉलर सरकतात, असा अंदाज दिला आहे. भाच्याच्या कोष्टकात हा रकाना नव्हता.

त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मला भेटायला आला. तो प्रायश्चित्तासाठी आला नव्हता. ऑफिसातल्या बाकावर बसून सल्ला विचारत होता. त्याचे सांगणे ओळख न देता लिहिण्यास त्याने संमती दिली आहे. आईच्या आजारपणात त्याने औषधांचे बिल कार्डावर भरले होते आणि तेव्हापासून दर महिन्याला तो केवळ किमान रक्कम भरत होता. "फादर, दोन वर्षे नेमाने भरतोय, पण कर्ज हलतच नाही." आम्ही दोघांनी कागदावर गणित मांडले. चाळीस हजारांचे देणे धरा. महिन्याला साडेतीन टक्के दराने व्याज चौदाशे रुपये. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर दोनशे बावन्न. किमान रक्कम शेकडा पाच धरली तर दोन हजार. म्हणजे त्याने दोन हजार भरले की मुद्दल उतरते अवघे तीनशे अठ्ठेचाळीस रुपये. त्यात थकबाकी असताना नवी खरेदी केली, तर तिलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. तो कागदाकडे पाहत राहिला. त्याला कोणी फसवले नव्हते. नियम बारीक अक्षरांत छापलेलेच होते.

हे खरे की माझे तिकीट या तरुणाच्या व्याजातून निघणार नव्हते, कारण त्याची बँक येथली आणि भाच्याची तेथली. परंतु न्यू जर्सीतही एखादी आई आजारी पडते आणि तेथेही एखादा मुलगा किमान रक्कम भरतो. तो मला माहीत नाही, एवढाच काय तो फरक.

व्याजाच्या प्रश्नावर ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून विचार केला आहे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफनही नाकारले होते. पण ख्रिस्तसभा केवळ निषेध करून थांबली नाही. पंधराव्या शतकात फ्रान्सिस्कन बंधूंनी इटलीत गरिबांसाठी दयेच्या पतपेढ्या उभारल्या. पेरुजाची पतपेढी १४६२ ची. खर्चापुरते अल्प शुल्क घेण्यास १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेने मान्यता दिली. १७४५ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी आपल्या परिपत्रकात कर्जावरील निव्वळ नफा निषिद्ध ठरवला, मात्र सावकाराला खरोखर तोटा वा जोखीम सोसावी लागत असेल तर त्याची भरपाई वेगळी मानली. आपल्या वसईतही १९१८ साली सुरू झालेली कॅथलिक पतसंस्था, जी आज बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते, त्याच परंपरेतली. तारण न घेता दिलेल्या कर्जात जोखीम असते, म्हणून कार्डावरील सर्वच व्याज पाप आहे असे मी म्हणणार नाही. परंतु वर्षाला बेचाळीस टक्के ही केवळ जोखमीची भरपाई आहे, असे म्हणायलाही माझी जीभ धजत नाही.

तथापि माझा प्रश्न सावकाराचा नव्हता. सावकाराच्या पंगतीला बसणाऱ्याचा होता. त्याचे उत्तर मला संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा'त सापडले, आणि तेही मला सोयीचे नव्हते. व्याजाविषयीच्या ७८ व्या प्रश्नाच्या चौथ्या कलमात ते विचारतात, व्याजाने कर्ज घेणे योग्य आहे काय? त्यांचे उत्तर असे, की कोणाला व्याजखोरीस प्रवृत्त करणे कधीही योग्य नाही, पण जो ती करण्यास आधीच सिद्ध आहे त्याच्याकडून, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या गरजेसाठी, कर्ज घेण्यास हरकत नाही. दुसऱ्याच्या पापाला संमती देणे निराळे, त्या पापाचा चांगल्यासाठी उपयोग करून घेणे निराळे. येथवर भाचा निर्दोष सुटतो. बँकेची सावकारी त्याच्यामुळे सुरू झालेली नाही आणि त्याने कार्ड फेकून दिले तरी ती थांबणार नाही.

पण त्याच कलमात संत थॉमस पुढे सावकाराकडे ठेव ठेवणाऱ्याचा विचार करतात. सावकाराजवळ स्वतःचे भांडवल असेल आणि कोणी केवळ सुरक्षिततेसाठी त्याच्याकडे पैसे ठेवले, तर ते पाप नाही. मात्र त्या सावकारीतून आपल्यालाही अधिक लाभ व्हावा या हेतूने ठेवले, तर तो त्या दोषात वाटेकरी होतो. हे वाचून मी पुस्तक मिटले. सोयीसाठी कार्ड वापरणारा पहिल्या प्रकारात मोडतो. बोनससाठी कार्डामागून कार्ड घेणारा कोणत्या प्रकारात मोडतो?

मी भाच्याशी पुन्हा बोललो. तो थोडा दुखावला. "मामा, मी कार्ड घेतले नाही म्हणून त्या मुलाचे व्याज कमी होणार आहे का? बोनस मी सोडला तर तो बँकेच्या भागधारकांना जाईल. गरिबाला नाही." त्याचे म्हणणे खरे होते. चूक एका माणसाच्या खिशात नसून व्यवस्थेत असेल, तर एका माणसाचा खिसा रिकामा करून ती सुधारत नाही. मी त्याला म्हटले, "तुला दोषी ठरवायला मी फोन केलेला नाही. आपण दोघे कोणाचे तरी ऋणी आहोत, एवढे आपल्याला माहीत असावे, इतकेच."

त्यातून आम्हा दोघांच्या मनात काही मर्यादा ठरल्या. बोनस गाठण्यासाठी नको असलेली वस्तू घ्यायची नाही, कारण तेथे चतुराई संपून लोभ सुरू होतो. अमेरिकेच्या टांकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती घरपोच देण्याची सोय केली, तेव्हा लोकांनी ती कार्डावर विकत घेतली आणि तशीच बँकेत भरून गुण तेवढे कमावले. अखेर २०११ मध्ये टांकसाळीला त्या विक्रीत कार्डे घेणे बंद करावे लागले. असले खेळ कायद्यात बसले, तरी सोय ज्या हेतूने केली त्यालाच ते पोखरतात. लहान दुकानात शक्यतो रोख द्यायचे. ज्याला खर्चावर ताबा नाही अशा मित्राला आपल्या शिफारशीने कार्ड घ्यायला लावायचे नाही, मग त्या शिफारशीचे वेगळे गुण मिळत असले तरी. ही शेवटची मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तेथे आपण नुसते पंगतीला बसत नाही, दुसऱ्याला हाताला धरून सापळ्याकडे नेतो. आणि जे फुकट मिळाले त्याचा काही वाटा, ज्यांच्याकडून ते आले त्यांच्याकडे परत वळवायचा.

शेवटी मी गेलो. तिकीट भाच्याच्या गुणांवरच निघाले. मात्र रोमसाठी बाजूला टाकलेली माझी रक्कम आता मोकळी झाली होती. ती मी त्या तरुणाला बिनव्याजी दिली. ती पुरेशी नव्हती. उरलेले आमच्या संत विन्सेंट डी पॉल सभेने उभे केले आणि भाच्यानेही न सांगता काही पाठवले. कार्डाचे देणे एकरकमी फिटले. आता तो महिन्याला तेच दोन हजार देतो, पण ते सगळे मुद्दलातच जातात. एकदा त्याचा हप्ता चुकला आणि मी विचारले नाही. दयेच्या पतपेढीचे तेवढेच काय ते वैशिष्ट्य.

याने माझा हिशेब चुकता झाला असे मी मानत नाही. न्यू जर्सीतला तो अनोळखी मुलगा अजूनही व्याज भरत असेल. पवित्र दरवाजातून आत जाताना मला त्याचीच आठवण झाली. आपल्या धर्मात कृपा फुकट मिळते असे आपण शिकतो आणि शिकवतो. परंतु तीही कोणीतरी मोल देऊन मिळवलेली आहे. ज्याने ते मोल दिले त्याने जाणून आणि स्वेच्छेने दिले, म्हणून आपण ती हात पसरून घेऊ शकतो. माझ्या तिकिटाचे मोल ज्यांनी दिले त्यांना ते ठाऊक नव्हते आणि कोणी त्यांची संमतीही घेतली नव्हती. त्यांच्यासाठी मी त्या दिवशी प्रार्थना केली. यात्रेकरूने आपल्या मागे कोण कोण चालत आहे याचे भान ठेवावे, असे आम्हाला शिकवले होते. आपले तिकीट कोणी काढले, हेही त्याने विचारायला हवे.