लिंक आहे, लिंक नाही

धानाच्या हंगामात आमगावात कुठल्याही खिडकीसमोर उभं राहा, दिवसातून एकदा तरी हे शब्द कानावर पडतातच: ‘लिंक नाही.’ सात-बारा काढायचा असो, धानाची नोंदणी करायची असो, की खात्यात जमा झालेले पैसे उचलायचे असोत. रांग जागच्या जागी थांबते. कुणी पंख्याखाली सरकतं, कुणी चहाला बाहेर पडतं, आणि ज्याला दुपारची शेवटची गाडी धरायची आहे तो घड्याळाकडे पाहत राहतो.

परवा अशाच एका रांगेत माझ्या पुढे कालीमाटीकडचे एक आजोबा होते. खिडकीतल्या मुलाच्या मागे भिंतीवर नेटचा चपटा डबा टांगलेला होता. त्यात खोचलेल्या पाच-सहा निळ्या वायरी आणि प्रत्येक वायरीच्या तोंडाशी एक हिरवा ठिपका. आजोबा बराच वेळ तिकडे बघत होते. मग म्हणाले, ‘दिवे तं जरत आहेत ना बाप्पा, मंग लिंक कशी नाही?’

मुलगा गडबडला. मी शाळेत काही वर्षं संगणकाची खोली सांभाळली आहे, तेव्हा या दिव्यांशी माझा रोजचा संबंध असे. तरी इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्या दिव्याचं नावच ‘लिंक’ आहे. दिवा लागलेला, आणि माणूस म्हणतोय लिंक नाही. दोघंही खरं बोलत होते.

या डब्याला आपण सर्रास हब म्हणतो. खरे हब आता जवळजवळ गेले, त्यांच्या जागी स्विच आले. जुना हब एका वायरीतून आलेलं बोलणं बाकी सगळ्या वायरींत ओतून मोकळा होई. स्विच ते ज्याचं त्याला पोचवतो. दिव्यांची भाषा मात्र बरीचशी तीच राहिली. लिंकचा दिवा लागतो तो वायरीची दोन्ही टोकं जिवंत असली की. १९९० साली जोडवायरीवरच्या इथरनेटचं जे मानक ठरलं, त्यात याची फार सुंदर सोय होती. सांगण्यासारखं काही नसलं तरी प्रत्येक यंत्राने साधारण १६ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साठेक वेळा, वायरीत विजेचा एक बारीकसा ठोका द्यायचा. त्यात निरोप काही नाही. ‘मी आहे’ एवढंच. समोरच्याला हे ठोके ऐकू येत राहिले की त्याच्याकडचा दिवा लागलेला राहतो. संगणक बंद झाला, उंदराने वायर कुरतडली, जॅकची खिट्टी तुटून तो सैल झाला, की ठोका थांबतो आणि दिवा विझतो. पुढे वेग वाढले, ठोक्यांची पद्धत बदलली. दिव्याचा अर्थ बदलला नाही.

आमच्या घरी मुलगा रात्रीच्या गाडीने नागपूरला गेला की पूर्वी पोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा. फोन कुणी उचलायचा नाही, असं ठरलेलंच होतं. तेवढ्या एका रिंगवर आई दिवा मालवून झोपायची.

पण त्या रिंगने मुलगा पोचल्याचं कळे, त्याने जेवण केलं की नाही हे कळत नसे. लिंकच्या दिव्याचंही तसंच. तांब्याची ही वायर मानकाप्रमाणे १०० मीटरपर्यंतच चालते, म्हणजे दिव्याची साक्षही फार तर तेवढ्या अंतराची. भिंतीपलीकडच्या खोलीत कुणी जागं आहे, एवढं तो सांगतो. गोंदिया, नागपूर, मुंबई त्याच्या नजरेत येतच नाहीत. आमगाव स्टेशनवर हिरवा सिग्नल पडतो तेव्हा हावड्यापर्यंतचा रूळ मोकळा आहे, असं ड्रायव्हर समजत नाही. पुढच्या सिग्नलापर्यंतचा भरवसा घेऊन तो निघतो, पुढचं पुढच्या सिग्नलाला विचारतो. रेल्वेचा आणखी एक नियम मला फार आवडतो: सिग्नलचा दिवा विझलेला दिसला, तर तो लालच समजायचा. अंधाराचा सोयीचा अर्थ लावायची मुभाच ठेवलेली नाही.

दुसरा दिवा लुकलुकणारा. पुष्कळ डब्यांत तोच हिरवा ठिपका माहितीची ये-जा सुरू झाली की लुकलुकतो. माणसं फसतात ती इथे. लुकलुकतंय म्हणजे काम चाललंय, असं वाटतं. परंतु नेट तुटलेलं असतानाही संगणक गप्प बसत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो, ‘आहे का कुणी, आहे का कुणी?’ त्या प्रत्येक हाकेला दिवा लुकलुकतो. हाक गेली एवढंच त्याला ठाऊक असतं. उत्तर आलं का, हे तो सांगत नाही.

जुन्या हबवर आणखी एक पिवळसर दिवा असे, टकरीचा. दोन संगणक एकाच वेळी बोलू लागले की तो चमके. मग दोघांनीही गप्प व्हायचं आणि आपापल्या मनाने कमीजास्त वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा टक्कर झाली, तर थांबण्याची मुदत आणखी लांबू शकते. असे १६ प्रयत्न फसले तरच माघार. ही रीत इथरनेटच्या जन्मापासूनची, म्हणजे १९७० च्या दशकातली. स्विच आल्यावर टकरी संपल्या आणि तो दिवाही गेला. मला त्याची आठवण येते. आपण दुसऱ्याच्या बोलण्यावर बोललो, हे तत्काळ दाखवणारी वस्तू माझ्या पाहण्यात तेवढी एकच.

त्या दिवशी मी मुलाला म्हटलं, फायबरचा डबा कुठंय? तो टेबलाखाली होता, वह्यांच्या गठ्ठ्यामागे. दोघं वाकून पाहतो तो ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल चमकत होता. बाहेरून येणाऱ्या काचेच्या तारेतला उजेडच पोचत नव्हता. मुलाने फोन लावला. दुपारी रस्त्याकडेला जेसीबी चालला होता, तार त्यात गेली, असं कळलं. तो आजोबांकडे वळला आणि पहिल्यांदाच नीट बोलला, ‘बाबाजी, इथवर सगळं चांगलं आहे. तुटलं ते बाहेर रस्त्यावर. जोडायला माणूस निघाला आहे, संध्याकाळ होईल.’ मग त्याने आजोबांचा नंबर वहीत लिहून घेतला.

आजोबा गेले नाहीत. टेबलाखालचा तो लाल ठिपका दिसेल असे बाकाच्या टोकाला सरकून बसले. थोड्या वेळाने एक बाई धापा टाकत आत आली आणि लिंक आहे का म्हणून विचारू लागली. मुलाच्या आधी आजोबाच बोलले, ‘वरचे हिरवे नोको पाहू माय. तो खालचा लाल विझू दे.’