आगीनं शिंपण

'माणूस आगीनं बाग शिंपतो.' या वाक्यात व्याकरणाची एकही चूक काढता येणार नाही. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे, विभक्ती जिथल्या तिथं. तरी वाक्य ऐकून हाती काही लागत नाही, कारण शिंपण्याचं काम पाण्याचं. आग आणि शिंपणं यांचा मेळच बसत नाही. आगीनं शिंपण्याचं हे उदाहरण नैयायिकांच्या अनेक पिढ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिलं. अन्नंभट्टांनी सतराव्या शतकात नवशिक्यांसाठी लिहिलेल्या 'तर्कसंग्रहा'तही ते आहे. शब्दांच्या रांगेचं वाक्य केव्हा होतं, या प्रश्नाला न्यायशास्त्राचं उत्तर असं: शब्दांना एकमेकांची गरज हवी, म्हणजे आकांक्षा. त्यांच्या अर्थांचा मेळ हवा, म्हणजे योग्यता. आणि ते एकापाठोपाठ उच्चारलेले हवेत, म्हणजे सन्निधी.

हा विचार वाक्यासाठी झाला होता हे खरं. पण घरच्या कंप्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड निवडणाऱ्याला त्याचा जेवढा उपयोग होईल, तेवढा 'यंदाची टॉप टेन कार्डं' छापाच्या क्रमवारीचा होणार नाही.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोड आहे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गिऱ्हाइकांच्या तोंडी अजून जुनंच नाव. कंप्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या तिथल्या दुकानांत गिऱ्हाईक विचारतं, "सगळ्यात चांगलं कार्ड कोणतं?" जाणता दुकानदार याचं उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "बोर्ड कोणता? एसएमपीएस किती वॉटचा? कॅबिनेट केवढं?" गिऱ्हाइकाला वाटतं, हा टाळतोय. वास्तविक तो तत्त्वज्ञानाचा एक जुना मुद्दा मांडत असतो. चांगलेपणा कार्डात राहतो, की कार्ड आणि कंप्युटर यांच्यामध्ये?

एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलं, तेव्हा खेळांसाठी त्याहून वेगवान कार्ड नव्हतं. त्याची भूक ४५० वॉटची, लांबी ३०४ मिलिमीटर, आणि कंपनीची शिफारस किमान ८५० वॉटच्या एसएमपीएसची, म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणाऱ्या भागाची. आता दुसऱ्या बाजूला पाहू. आपल्याकडे हजारो घरांत कार्यालयांतून निवृत्त झालेले डेल, एचपी, लेनोवोचे रिफर्बिश्ड डेस्कटॉप आहेत. चणीनं लहान, आत दोनशे-अडीचशे वॉटचा एसएमपीएस, आणि तोही अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या आकाराचा, म्हणजे बाजारातला दुसरा आणून बसवायची सोय नाही. मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापुढची वीज वेगळ्या केबलनं आणावी लागते: सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. या डब्यांत अशी केबल बहुधा नसतेच. अशा डब्याला ४०९० म्हणजे बागेला आग. आगीत काही खोट नाही आणि बागेतही नाही.

याच डब्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० मात्र चालतं. त्याला ७० वॉट लागतात, ते स्लॉटमधूनच मिळतात, आणि अर्ध्या उंचीचे नमुनेही निघाले आहेत. क्रमवारीत हे कार्ड तळाशी असतं आणि जाणकार त्याला नाकं मुरडतात. पण क्रमवारी लावणाऱ्यांनी ते मोजलेलं असतं त्यांच्या टेबलावरच्या, कशाचीही कमतरता नसलेल्या यंत्रात.

वैशेषिक दर्शनानं गुणांची यादी केली, तेव्हा त्यात रंग, चव, गंध यांच्या सोबत संयोगही घातला. रंग एका वस्तूत राहतो. संयोग मात्र एकाच वेळी दोन वस्तूंत राहतो, दोन्हींपैकी एकीत तो सापडत नाही. कार्डाची योग्यता अशीच दोघांत मिळून राहणारी आहे. खोक्यावर ती छापता येत नाही, कारण खोक्यात जोडीतला एकच गडी आहे.

सन्निधीचं उदाहरण तर आणखी मजेशीर आहे. 'गाय' हा शब्द एका प्रहरी उच्चारला आणि 'आण' पुढच्या प्रहरी, तर गाय काही येत नाही. शब्द तेच, मेळही बरोबर, फक्त मधे फार वेळ गेला. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डात नेमकं हे घडलं. त्याची स्वतःची मेमरी चार जीबी, आणि तिच्याशी त्याची देवाणघेवाण सेकंदाला १४४ जीबी वेगानं. खेळातली चित्रं चार जीबीत मावली नाहीत की उरलेली मदरबोर्डवरच्या रॅममध्ये जातात आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेनं मागवावी लागतात. या कार्डाला त्या वाटेच्या चारच मार्गिका दिल्या होत्या. चौथ्या पिढीच्या बोर्डवर त्यांतून सेकंदाला जेमतेम आठ जीबी येतात. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर चार. म्हणजे जवळच्या मेमरीपेक्षा छत्तीस पट सावकाश. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे बहुधा जुनाच बोर्ड असणार, त्यामुळे ज्याच्यासाठी कार्ड काढलं त्यालाच ते जास्त नडलं. कार्ड स्लॉटमध्ये बसलं, पडदा उजळला, विंडोजनं नावही बरोबर सांगितलं. पीसीआय एक्सप्रेस २००३ साली आलं तेव्हापासून नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालावं अशीच त्याची रचना आहे. पण खेळातली भरधाव गाडी वळण घेते आणि रस्ता यायला अर्धा सेकंद उशीर होतो. सगळे शब्द उच्चारले गेले, वाक्य झालं नाही.

सन्निधीचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायला लावणारं प्रकरण ४०९० चंच. त्याच्या नव्या वीजजोडणीचे प्लग वितळल्याच्या तक्रारी २०२२ च्या शेवटी आल्या. प्लग पूर्ण आत बसलेला नसणं हे मुख्य कारण, असं एनव्हिडियानं नोव्हेंबरात सांगितलं. जोडणीची रचनाच फार काठावरची आहे, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं होतं. पुढच्या सुधारित जोडणीत प्लग बसल्याची खूण देणाऱ्या पिना मुद्दाम आखूड केल्या, म्हणजे प्लग नीट आत गेल्याशिवाय कार्ड पूर्ण वीज ओढणारच नाही. तरी २०२५ च्या ५७५ वॉटच्या आरटीएक्स ५०९० बाबतही वितळण्याच्या तक्रारी आल्याच. त्या मानानं इंटेलच्या आर्क कार्डांची अडचण डोळ्यांना दिसतच नाही. डिसेंबर २०२४ च्या बी५८० ला रिसायझेबल बार ही बोर्डवरची सोय चालू असावी लागते, आणि काही वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरसोबत ते कार्ड अनेक खेळांत बरंच मागे पडतं, हे महिनाभरातच चाचण्यांत उघड झालं. पुन्हा तेच: नव्या यंत्रात नाव काढणारं, जुन्यात बिचकणारं.

इथपर्यंत प्रश्न टेपनं आणि लेबल वाचून सुटतात. आकांक्षेपाशी मात्र टेप संपते.

'गाय, घोडा, माणूस, हत्ती' हे आकांक्षा नसलेल्या शब्दांचं पारंपरिक उदाहरण. एकेक शब्द धडधाकट, पण कुणालाच कुणाची गरज नाही. महागात महाग भाग आणून रचलेला पुष्कळांचा कंप्युटर असा असतो. पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा आणि कार्ड दीडशे तयार करणारं. उरलेली नव्वद पडद्यानं मागितलेलीच नसतात. ती वीज खातात, पंखा गरगरवतात आणि जातात.

पण आकांक्षा नक्की कुणाची, यावर जुन्या पंडितांतही वाद होता. काहींच्या मते ती ऐकणाऱ्याची जिज्ञासा, काहींच्या मते शब्दाचंच अपुरेपण: 'आण' म्हटलं की 'काय' हे त्या शब्दालाच हवं असतं, ऐकणारा झोपलेला असला तरी. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हा वाद थेट खिशाशी येतो. कंप्युटरला काही हवंय, की त्याच्यासमोर बसलेल्याला? यंत्राचं अपुरेपण मोजता येतं. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दृश्य रेंडर करताना मेमरी भरून काम थांबतं, हा पुरावा आहे. माणसाची हाव मात्र यंत्राच्या गरजेचा वेश घेऊन येते आणि फार सफाईनं बोलते.

तिची चाल फ्रेंच विचारवंत देनी दिदरो यानं १७६९ साली एका छोट्या निबंधात टिपून ठेवली आहे. त्याला एक झोकदार लाल झगा भेट मिळाला. तो अंगावर चढला आणि खोलीतलं जुनं सामान त्याच्याशेजारी दरिद्री दिसू लागलं. वेताची खुर्ची गेली, चामड्याची आली; जुनं टेबल गेलं, भारी मेज आलं; भिंतीवरची साधी चित्रंही बदलली. शेवटी तो जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८ मध्ये या साखळीला दिदरोचंच नाव दिलं. कार्ड घेणाऱ्यांना ती पाठ असते. कार्ड मोठं म्हणून एसएमपीएस नवा, लांब म्हणून कॅबिनेट नवं, प्रोसेसर मागे पडतो म्हणून प्रोसेसर, त्याला चालत नाही म्हणून बोर्ड, त्या बोर्डला जुनी रॅम बसत नाही म्हणून रॅम. आणि एवढं झाल्यावर जुन्या पडद्यावर पाहायचं? मेळ बसवण्याच्या प्रत्येक पायरीवर कारण अगदी खरं असतं. खोटा असतो तो पहिला शब्द.

यावर भारतीय परंपरेतलं सर्वांत व्यवहारी उत्तर जैनांचं आहे. मुनीसाठी अपरिग्रह संपूर्ण, गृहस्थासाठी मात्र परिग्रह-परिमाण, म्हणजे संग्रहाला स्वतः घातलेली मर्यादा. या व्रताला इच्छापरिमाण असंही म्हणतात. 'उपासकदशा' या आगमात आनंद नावाच्या श्रीमंत गृहस्थाची कथा आहे. त्याच्याकडे बारा कोटी सुवर्ण, चाळीस हजार गुरं, शेकडो नांगर आणि गाड्या. महावीरांकडून व्रत घेताना त्यानं हे सारं वाटून टाकलं नाही. आहे त्याच्याखाली रेघ मारली आणि यापुढे नको म्हटलं. रेघ कुठं, हे त्यानंच ठरवलं. महत्त्व याचं की ती आधी मारली, बाजारात उभं राहून नव्हे. उमास्वातींनी 'तत्त्वार्थसूत्रा'त परिग्रहाची व्याख्या वस्तू मोजून केली नाही. वस्तूवर जडलेल्या आसक्तीला परिग्रह म्हटलं. त्यामुळे चाळीस हजार गुरांचा मालक व्रती असू शकतो आणि एका कार्डासाठी रात्रभर किमती चाळणारा परिग्रही.

माणूस या रेघेशीही कशी चलाखी करतो, हे बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांना पक्कं ठाऊक होतं. 'योगशास्त्रा'त त्यांनी या व्रताच्या पळवाटाच नोंदवल्या आहेत. घरांची संख्या ठरवून घेतलीय ना, मग मधली भिंत पाडून दोन घरांचं एक करायचं! 'एसएमपीएस तसाही बदलायचाच होता, तो कार्डाच्या हिशेबात धरू नका' असं घरी सांगणाऱ्यानं हेमचंद्र वाचलेला नसतो, पण हेमचंद्रांनी त्याला वाचलेलं असतं. 'पुढची पाच वर्षं बघायला नको म्हणून आत्ताच मोठं घेतो' हीसुद्धा त्याच जातीची भिंत पाडणं आहे. पाच वर्षांनंतरची गरज आज कुणालाच मोजता येत नाही, म्हणून तिच्या नावावर कितीही खर्च मांडता येतो.

याचा अर्थ कार्ड घेऊच नये, असा उपदेश काढणं सोपं आहे आणि तो चुकीचा आहे. ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलीला बारा जीबी मेमरी ही चैन नाही, हत्यार आहे. तिला चार जीबीवर समाधान मानायला सांगणं हा अपरिग्रह नव्हे, दुसऱ्याच्या आकांक्षेकडे पाठ फिरवणं आहे. दिवसभराच्या कामानंतर तासभर क्रिकेटचा किंवा गाड्यांचा खेळ खेळणाऱ्याची हौसही खरीच. प्रश्न फक्त रेघेचा आहे.

तेव्हा ज्यांना कार्ड घ्यायचं आहे त्यांनी दुकानाआधी आपल्याच कॅबिनेटचं झाकण उघडावं. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअरचा आकडा असतो, त्याला बारानं गुणावं. १८ अँपिअर असतील तर २१६ वॉट होतात आणि त्यातूनच प्रोसेसरलाही जगायचं असतं. स्लॉटच्या रेषेत कॅबिनेटच्या मागच्या भिंतीपासून समोरच्या पंख्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजावं. बोर्डचं नाव लिहून घ्यावं. मग त्याच कागदावर दोन ओळी लिहाव्यात: कार्ड कोणत्या कामासाठी हवंय, आणि सगळा मिळून खर्च किती रुपयांपर्यंत. दुसरी ओळ पेन्सिलनं लिहू नये.