टॉलरन्स कोणाच्या माथी?

लेन्स डिझाइन करणाऱ्या माणसाला खोटं बोलायला फारसे कष्ट पडत नाहीत. एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही. प्रोग्राममध्ये सहा-सात भिंगांची रचना भरायची, काचा निवडायच्या, वक्रता आणि अंतरं बदलायला मोकळी सोडायची आणि मेरिट फंक्शनचा, म्हणजे एकूण त्रुटीचा, आकडा खाली खाली उतरताना बघत बसायचं. शेवटी एमटीएफचा, म्हणजे प्रतिमेच्या स्पष्टतेचा, जो आलेख हाती येतो तो खराच असतो. फक्त तो जगात कधीच तयार न होणाऱ्या लेन्सचा असतो. तिच्यातली प्रत्येक वक्रता तंतोतंत असते, प्रत्येक काचेचा अपवर्तनांक कॅटलॉगात छापलाय तेवढाच असतो आणि एकही भिंग नळीत तसूभर कललेलं नसतं. याला आम्ही ‘नॉमिनल’ म्हणतो. बैठकीत पडद्यावर नॉमिनल टाकलं की समोरचे माना डोलावतात. प्रत्यक्ष बनणाऱ्या लेन्समध्ये त्यातलं किती उरेल, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आणि कोणी विचारलं नाही की मला बरं वाटतं. हे बरं वाटणंच मला आज तपासायचं आहे.

तरुण मुलं-मुली विचारतात, या क्षेत्रात स्कोप आहे का? आहे, असं मी सांगतो, आणि ते खरंही आहे. दिल्लीच्या आयआयटीत अप्लाइड ऑप्टिक्सचं एम.टेक. आहे, कोलकाता विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे, कोचीला फोटॉनिक्स शिकवतात. देहरादूनला आयआरडीई, चंडीगडला सीएसआयओ, बंगळुरूला इस्रोची लिऑस ही प्रयोगशाळा. आमच्या पुण्यात आयुका आहे. आदित्य एल-१ यानावरची सूट ही अतिनील दुर्बीण तिथल्या लोकांनी इस्रोसोबत उभी केली. खासगीत मोबाइलचे कॅमेरे, वैद्यकीय उपकरणं, वाहनांचे दिवे. हे सगळं मी पाठ असल्यासारखं सांगतो. दिवसभर नेमकं करायचं काय असतं, हे मात्र त्यांना सहसा सांगत नाही.

दिवसभराचं काम म्हणजे चुकीची वाटणी. भिंगाची जाडी इतकी कमी-जास्त चालेल, वेज, म्हणजे दोन बाजूंमधला तिरपेपणा, इतका चालेल, दोन भिंगांमधलं अंतर इतकं सरकलं तरी चालेल, असा एक तक्ता डिझायनर बनवतो. तो टॉलरन्सचा तक्ता. जाडीला ०.०५ मिलिमीटर इकडेतिकडे मुभा दिली तर कारखाना ती नेहमीच्या कामात सांभाळतो. ०.०१ लिहिलं की कामाची जातच बदलते. आकडा आवळला की भार पॉलिश करणाऱ्यावर जातो, सैल सोडला की वापरणाऱ्यावर. मध्ये कुठेतरी मी बसलेला असतो आणि माझ्यावर काहीच येत नाही. चूक नाहीशी करण्याची कला कोणाकडेच नाही, ती कोणाच्या तरी पदरात घालावीच लागते. मग कोणाच्या घालायची, हे ठरवताना मी खरोखर विचार करतो की सवयीने हात चालवतो?

पॉलिशिंगच्या खोलीत उभं राहिल्यावर हा प्रश्न टाळता येत नाही. पिच या डांबरासारख्या पदार्थाच्या पॅडवर भिंग फिरत असतं, वरून सेरियम ऑक्साइडचं तांबूस पाणी सोडत असतात. कारागीर भिंग उतरवतो, पुसतो, त्यावर टेस्ट प्लेट ठेवतो आणि दिव्याखाली रिंगा मोजतो. एक रिंग म्हणजे मिलिमीटरच्या तीन दशसहस्रांशाच्या आसपास फरक, केसाच्या जाडीचा दोनशेवा हिस्साही नाही. पण त्या रिंगा लगेच मोजून चालत नाही. घासण्याने आणि हाताच्या उबेने काच फुगलेली असते, ती निवेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर रिंगा फसवतात. उन्हाळ्यात पिच मऊ पडतं, थंडीत कडक होतं. मोसम बघून ते बदलावं लागतं. यातलं काहीही माझ्या प्रोग्राममध्ये नाही.

तिथल्या एका जुन्या कारागिराने एकदा माझं ड्रॉइंग पुढे धरून विचारलं, “साहेब, बाराच्या बारा सरफेसना पाव रिंग? सगळे सारखेच नाजूक आहेत?”

नव्हते. डबल गाउस जातीची लेन्स होती, सहा भिंगांची. नाजूक होते दोन पृष्ठभाग, फार तर तीन. हे मला सेन्सिटिव्हिटीच्या तक्त्यात स्पष्ट दिसत होतं. बाकीचे मी आवळले होते ते भीतीपोटी. उद्या लेन्स चालली नाही तर बोट माझ्याकडे येऊ नये म्हणून. त्या भीतीची किंमत ज्याने मोजायची तो माझ्यासमोर नखांत तांबूस गाळ घेऊन उभा होता, आणि मला ‘साहेब’ म्हणत होता. मी तक्ता सैल करून दिला. पण प्रश्न त्या एका ड्रॉइंगचा नाही. गरजेपोटी आवळलेला आकडा आणि भीतीपोटी आवळलेला आकडा कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. त्यांतला फरक माझ्याशिवाय कोणालाच कळत नाही.

उलट्या बाजूची भीती, म्हणजे दिसलेली चूक मान्य करण्याची, मोठ्यामोठ्यांनाही सुटलेली नाही. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा घ्या. १९९० साली दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. आरसा अतिशय काटेकोर घासलेला होता, पण चुकीच्या आकाराला. कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट. कारण ज्या नल करेक्टरने आरसा तपासायचा त्यातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. आमच्या धंद्यात १.३ मिलिमीटर म्हणजे कोसभर. या प्रकरणातली मला झोंबणारी गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या दोन चाचण्यांनी काहीतरी बिनसल्याचं दाखवलं होतं. पण ती उपकरणं कमी अचूक, असं म्हणून त्यांचं ऐकलं गेलं नाही. वेळापत्रक आणि खर्चाचा रेटाही होताच. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्तीची उपकरणं बसवली तेव्हा दृष्टी सुधारली. या चुकीच्या चौकशीचा अहवाल वाचताना त्या लोकांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. दोन मापं जुळत नसतील तर आपल्या सोयीचं माप जास्त अचूक ठरवण्याची ऊर्मी मला चांगली ओळखीची आहे.

आकडेमोडीचा भार आता यंत्राने घेतलाय, हे खरं. १८४० च्या सुमारास व्हिएन्नात योझेफ पेट्झवालने पोर्ट्रेट लेन्स रचली तेव्हा किरणांचं गणित करायला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले गणित जाणणारे सैनिक त्याला मदतीला मिळाले होते. त्यानंतरच्या पिढ्यांनी लॉग टेबलं झिजवली. आज मी बटण दाबतो आणि लाखो किरण क्षणात आरपार जातात. त्या गणितामागे आपलंही एक नाव आहे. सर्वसाधारण पृष्ठभागांतून किरण कसा न्यायचा याची जी पद्धत आजही प्रमाण मानतात, ती १९६२ साली स्पेन्सर आणि मूर्ती या जोडीने मांडली. ते एम. व्ही. आर. के. मूर्ती आपले. मुलांना हे मी अभिमानाने सांगतो. पण गणित यंत्राकडे गेल्यावर माझ्याकडे उरलं काय? कशाला किती महत्त्व द्यायचं, एवढंच. मेरिट फंक्शनमध्ये कोपऱ्यातल्या प्रतिमेला किती वजन, मधल्याला किती, किमतीला किती. यंत्र त्या वजनांप्रमाणे निमूट वागतं. डिझाइन वाईट निघालं तर ‘सॉफ्टवेअरने हेच दिलं’ असं म्हणायची सोय मला नाही. मी मागितलं तेच त्याने दिलेलं असतं.

कॅमेऱ्यांच्या लेन्स सोडून मी पुढे वाहनांच्या दिव्यांकडे वळलो. पुणे-चाकण पट्ट्यात ऑप्टिक्सवाल्याला ते काम सहज मिळतं. घरच्यांना वाटलं, दिवे म्हणजे काय मोठंसं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण चुकीच्या वाटणीचा प्रश्न मला सगळ्यात नागडा दिसला तो तिथेच.

लो बीमच्या प्रकाशाला वर एक स्पष्ट रेघ असते, तिला कट-ऑफ म्हणतात. खाली उजेड, वर अंधार, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जात नाही. चाचणी होते ती २५ मीटरवरच्या पडद्यावर. समोरच्या चालकाचे डोळे जिथे येतील तो बिंदू पडद्यावर ठरलेला असतो आणि तिथे किती उजेड चालेल याला मर्यादा असते. झोत साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे २५ मीटरवर २५ सेंटिमीटर. प्रयोगशाळेत दिवा स्टँडवर घट्ट असतो आणि आम्ही पास होतो.

आता तोच दिवा मोटरसायकलवर बसवा. मागे बायको, मध्ये पोर, कॅरियरला पिशवी. मागची बाजू दबली आणि पुढचं तोंड एक अंश वर झालं की २५ मीटरवर झोत ४४ सेंटिमीटर वर सरकतो. म्हणजे खाली झुकवलेले २५ सेंटिमीटर खलास, आणि वर आणखी १९ समोरच्याच्या दिशेने. गाडी खड्ड्यातून गेली तर दर खड्ड्याला समोरच्याच्या डोळ्यात चमकारा. चारचाकीत झोत खालीवर करायचं चक्र डॅशबोर्डवर असतं, पण ते कशासाठी आहे हे माहीत असलेले किती चालक तुम्हाला भेटलेत? कट-ऑफची रेघ जितकी धारदार तितका दिवा शोरूममध्ये उंची दिसतो, म्हणून मार्केटिंगवाल्यांना ती धारदार हवी असते. धारदार रेघेच्या काठाला निळसर छटा उमटते, ती घालवायला भिंगाच्या पृष्ठभागावर बारीक पोत देऊन रेघ थोडी मऊ करता येते. मऊ रेघ रस्त्यावर सुसह्य असते. दोन्ही दिवे चाचणीत पास होतात.

कायद्याप्रमाणे मी निर्दोष आहे. रात्री कात्रजच्या घाटात समोरून आलेल्या दिव्याने डोळे दिपतात तेव्हा मीही इतरांसारखाच शिव्या घालतो. मग आठवतं की तो दिवाही पास झालेला आहे. कोणीतरी त्याच्या अहवालावर सही केलेली आहे. हा टॉलरन्स समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांतून वसूल केला गेला, आणि त्याला कोणी विचारलंही नाही. माझ्या वजनांच्या यादीत तो माणूस कधी होता का? प्रामाणिक उत्तर असं, की नियमावलीने त्याला जितकी जागा दिली तितकीच मी दिली. त्याहून एक ओळ जास्त नाही.

आता माझ्या अहंकाराबद्दल. मोतिबिंदूनंतर डोळ्यात बसवतात ते भिंग एकटं, छोटंसं, डिझायनरच्या नजरेने जवळपास पोरखेळ. १९४९ साली लंडनला हॅरॉल्ड रिडलीने पहिलं बसवलं. लढाऊ विमानाच्या काचछताचे पर्स्पेक्सचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसूनही डोळा त्यांना निमूट सहन करतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. १९९२ मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबने ही भिंगं आपल्याकडे बनवायला घेतली आणि शंभर डॉलरच्या घरातली वस्तू दहाच्या आसपास आणली. गावोगावच्या आज्यांना सुईत दोरा ओवता आला तो या एका भिंगामुळे. मला हे काम कोणी देऊ केलं असतं तर मी घेतलं असतं का? एका भिंगाचं काम बायोडेटात काय शोभणार, असंच माझ्या मनात आलं असतं. आम्हा लोकांना चौदा भिंगांचा झूम हवा असतो, एकमेकांना दाखवायला.

आणि बंदुकीच्या दुर्बिणी? देशात ऑप्टिक्सचं बरंचसं काम संरक्षणाचं आहे, हे मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. सीमेवर थंडीत उभ्या जवानाला रात्री दिसावं, यात मला गैर वाटत नाही. पण जर्मनीतल्या जेना गावचा इतिहास डोळ्यांपुढून जात नाही. गिरणीत चौदा-चौदा तास राबणाऱ्या बापाचा मुलगा एर्न्स्ट आबे, त्याने झाइसचा कारखाना एका फाउंडेशनच्या हाती दिला आणि १९०० साली तिथे आठ तासांचा दिवस आणला. त्याच कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या मजुरांकडून काम करून घेतलं गेलं. काच तीच, गणितही आबेचंच. कामाचं पावित्र्य कामाच्या अचूकतेत असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. आता ते पटत नाही. म्हणून संरक्षणाचं काम आलं की मी नाही म्हणत नाही, पण कोणासाठी आणि कशासाठी हे विचारतो. उत्तर टाळलं गेलं तर काम सोडायची हिंमत माझ्यात आहे का, याची परीक्षा अजून झालेली नाही. ती आहे असं मी इथे लिहिणार नाही.

या कामात पैसा बरा मिळतो, सॉफ्टवेअरवाल्यांइतका नाही. शिकायला वेळ लागतो. काचेसाठी आणि चांगल्या यंत्रांसाठी अजून बाहेर बघावं लागतं. तरीही हे काम मी दुसऱ्या कशाशी बदलणार नाही.

यायचं असेल तर जरूर या. फक्त मुलाखतीला येताना नॉमिनल एमटीएफ छापून आणू नका. टॉलरन्स लावल्यानंतरची आणा, आणि तक्त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे तो भार कोणावर टाकलाय ते पेन्सिलने लिहून आणा. मी तोच कागद आधी बघणार आहे, आणि शेजारी माझाही ठेवणार आहे.