आखडलेले सांधे, न आखडलेले मन



पौष महिन्यात नागपूरची थंडी कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरते. अशा दिवसांत सकाळच्या वंदनेला विहारात कोण येते आणि कोण येत नाही, हे पाहावे. तरुण येत नाहीत ते झोपेमुळे. म्हातारी माणसे मात्र जागी असूनही येत नाहीत. त्यांची झोप चार वाजताच उडालेली असते; परंतु गुडघे धरलेले असतात, कंबर आखडलेली असते, हाताची मूठ वळत नाही. खाटेवरून उठून उभे राहायलाच अर्धा तास लागतो.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतली सत्तरी ओलांडलेली एक उपासिका अशीच वंदनेला यायची बंद झाली. १९५६ साली ती बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेच्या मैदानावर आली होती. पुढचे सारे आयुष्य मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेले. मी घरी जाऊन विचारले तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, बुद्धापुढं खुर्चीवर कशी बसू? गुडघे टेकता येत नाही, पंचांग प्रणाम होत नाही. मंग येऊन काय करू?” आणि थोडे थांबून म्हणाली, “मागच्या जन्मी काय पाप केलं होतं कोणास ठाऊक.”

या माउलीच्या तोंडून दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्ही धम्माला धरून नाहीत. तिला दोष देण्याचे कारण नाही. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुती भिंतीतल्या ओलीसारख्या राहून जातात. म्हणून हा विषय आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी पापाची गोष्ट घेऊ. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना नेमके हेच विचारले होते. काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणूस जे सुख-दुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, यावर आपले म्हणणे काय? तथागतांनी उत्तर दिले ते असे की, काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही या तिन्हींच्या बिघाडामुळे. काही ऋतू बदलल्याने, काही वागण्यातल्या हयगयीने, काही मारामुळे, आणि काही कर्मफलाने. हे तर प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवाने कळते. म्हणून सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे स्वतःला कळणारी गोष्टही ओलांडून जातात, असे ते म्हणाले. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर आहे! पू. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासून नाकारला, कारण या सिद्धान्तामुळे दुःखी माणसालाच त्याच्या दुःखाचा गुन्हेगार ठरवता येते. आपल्या समाजाने हा आरोप शतकानुशतके ऐकला आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे एक पाय दुमडून, पाठ वाकवून रोज शेकड्यांनी विड्या वळल्या, तिच्या गुडघ्याचे कारण शोधायला मागच्या जन्मात जावे लागत नाही. गिरणीत साच्यापुढे उभ्या राहिलेल्या, डोक्यावर विटा वाहिलेल्या माणसांचेही तसेच. कारण याच जन्मात आहे आणि त्यावर उपायही याच जन्मात करायचा आहे.

म्हणून गंडा-दोरा, अंगारा, अमुक बाबाचे तेल, तमुक ठिकाणचा नवस, यांकडे आपण वळू नये. बावीस प्रतिज्ञा ज्यांनी घेतल्या त्यांनी तर मुळीच नाही.

आता बसण्याची गोष्ट. विहारात पाय पसरला किंवा खुर्चीवर बसले तर बुद्धाचा अवमान होतो, असे त्या उपासिकेला वाटले. परंतु स्वतः भगवंतांच्या शरीराचे काय झाले होते ते पाहा. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले तेव्हा तथागतांनी रात्री उशिरापर्यंत धम्मोपदेश केला आणि मग आनंदाला सांगितले की, पुढचे तू बोल, माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो. भर सभेत ते उजव्या कुशीवर पहुडले. श्रावस्तीला वृद्धपणी संध्याकाळच्या उन्हात ते पाठ शेकत बसले होते, आणि आनंद त्यांचे हातपाय चोळत होता. चोळता चोळता आनंद म्हणाला की, आता आपल्या त्वचेवर पूर्वीची कांती राहिली नाही, अवयव सैल पडले आहेत, शरीर पुढे झुकले आहे. भगवंतांनी ते नाकारले नाही. तारुण्यात जरा दडलेलीच असते, असे ते म्हणाले. ऐंशीव्या वर्षी त्यांनी आपल्या देहाला वाद्या बांधून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली. ज्याने स्वतःची पाठदुखी सभेपासून लपवली नाही, तो शास्ता तुमच्या पसरलेल्या पायावर रागावेल काय?

विनयपिटकात याहून स्पष्ट गोष्टी आहेत. आयुष्मान पिलिन्दवच्छ यांना अंगात वात होता. भगवंतांनी त्यांना शेक, औषधी पाल्याचा वाफारा, आणि कोमट पाण्याच्या टाकीत बसणे, हे सर्व करू दिले. त्यांनाच पुढे सांध्यांचा वात झाला. पाली भाषेत त्याला ‘पब्बवात’ म्हणतात. पब्ब म्हणजे पेर, सांधा. त्यासाठी शिंग लावून रक्त काढण्याची परवानगी मिळाली. हा उपाय आज कोणी करू नये, वैद्यक पुढे गेले आहे. पण ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, भगवंतांनी ‘सहन करा’ एवढेच सांगून भिक्खूला परत पाठवले नाही. त्या काळच्या वैद्याकडे जे उत्तम होते ते त्यांनी देवविले. दुसऱ्या एका आजारी भिक्खूला काठीवाचून चालता येत नव्हते, तेव्हा त्याला काठी वापरण्याची संमती संघाने ठराव करून द्यावी, असा नियमच त्यांनी घालून दिला. त्या संमतीचे नावच ‘दण्डसम्मुति’. माणसासाठी नियम वाकला, नियमासाठी माणूस वाकवला गेला नाही.

आणि काठीची गोष्ट निघाली तर नागपूरकराला दुसरी काठी कशी आठवणार नाही? १४ ऑक्टोबर १९५६. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेब अतिशय थकले होते. एका हातात काठी आणि जवळ नानकचंद रत्तूंचा आधार, अशा स्थितीत ते मंचावर उभे राहिले, पूज्य भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले, आणि नंतर लाखोंना स्वतः दीक्षा दिली. दुसऱ्या दिवशी भाषण, त्यापुढच्या दिवशी चंद्रपूर, नोव्हेंबरात काठमांडू. ६ डिसेंबरला तर ते गेले. आपल्या समाजाने धम्मात पहिले पाऊल टाकले ते काठी टेकून उभ्या असलेल्या पुरुषाच्या मागे. मग विहाराच्या दारात काठी घेऊन यायला आपल्याला लाज का वाटावी?

भगवंतांच्या उपासकांत नकुलपिता नावाचा एक वृद्ध गृहस्थ होता, भग्ग देशातल्या सुंसुमारगिरीचा. तो येऊन म्हणाला की, मी म्हातारा झालो, शरीर सदा आजारी, आपले दर्शनही क्वचितच घडते, मला हिताचे काही सांगा. भगवंतांनी त्याला खोटा धीर दिला नाही. शरीर आजारीच आहे हे त्यांनी आधी मान्य केले, आणि मग सांगितले की, शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देणार नाही, असा अभ्यास कर. नकुलपिता आनंदाने निघाला. वाटेत सारिपुत्त भेटले. त्याचा उजळलेला चेहरा पाहून त्यांनी कारण विचारले, आणि पुढे विचारले की, मन आजारी होते ते कशाने, हे तू विचारलेस का? तो विचारायचे विसरला होता! (आपणही डॉक्टरकडून बाहेर पडल्यावरच खरा प्रश्न आठवतो.) तेव्हा सारिपुत्तांनी समजावले: हे शरीर म्हणजेच मी, हे माझे, असे जो धरून बसतो, त्याचे शरीर बदलले की तो शोकात बुडतो. जो असे धरून बसत नाही त्याचेही शरीर बदलते, पण तो बुडत नाही.

हाच नकुलपिता एकदा मरणाच्या दारात होता. त्याची बायको नकुलमाता उशाशी बसून म्हणाली की, काळजी ठेवून मरू नका. मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, मी मुले पोसीन, घर चालवीन, शील पाळीन. तिचे बोलणे ऐकून त्याचे दुखणे उतरले, आणि तो काठी टेकत भगवंतांकडे गेला. कापूस कातणारी ती बाई आपल्या विणकरांच्या घरांतलीच वाटते.

पण मन निरोगी ठेवायचे म्हणजे शरीराकडे दुर्लक्ष करायचे, असा अर्थ कोणी काढू नये. तथागत अतिरेकाच्या दोन्ही टोकांविरुद्ध होते. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत हिंडण्या-फिरण्याने सुटत असेल, तर बहुधा ती वयाची झीज असते. जाग आली की लगेच उठू नये. आडवे असतानाच घोटे फिरवावेत, गुडघे वाकवावेत, गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती पायाने पाच मोजेपर्यंत दाबावी. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. मग कुशीवर वळून उठावे. कोमट पाण्याचा शेक घ्यावा; मधुमेह असलेल्यांनी मात्र पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने पारखून घ्यावे, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरावी. आणि चालावे. चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ भगवंतांनी सांगितले आहेत. त्यांत निरोगीपणा आणि अन्नाचे पचन हेही आहेत.

ताठरपणा तासाहून अधिक राहत असेल, दोन्ही हातांची बोटे सुजत असतील, तर तो निराळा संधिवात असू शकतो. त्याला लवकर औषध मिळाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. मेडिकलला किंवा मेयोला दाखवावे, घरी वाट पाहू नये. दुकानातून दुखण्याची गोळी आणून महिनोन्‌महिने खाणे पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे. हमखास गुण येणाऱ्या पुड्यांचे तर नावच घेऊ नका. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. आणखी एक गोष्ट विदर्भातल्या आपल्या घरांनी विसरू नये. सिकलसेलचा आजार आपल्या समाजात बराच आहे. घरात लहान किंवा तरुण मुलाचे हातपाय, सांधे, हाडे वरचेवर दुखत असतील, तर थंडी म्हणून सोडून न देता रक्ताची तपासणी करून घ्यावी.

सुनांना आणि मुलांना एक सांगणे आहे. आजारी भिक्खूला भगवंतांनी स्वतःच्या हाताने धुतले, आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे सांगितले. म्हातारीला सकाळी उठायला वेळ लागतो म्हणून “नुसती लोळत असते” असे म्हणू नका. पाणी तापवून द्या. उकिडवे बसणे जमत नसेल तर संडासात बसायची खुर्ची आणा. पंचशीलाच्या पोथीइतकीच ती आज घरात लागते.

आमच्या विहारात आता वंदनेच्या वेळी चार खुर्च्या पुढच्या रांगेत ठेवतो, मागे कोपऱ्यात नाही. ती उपासिका गेल्या पौर्णिमेला नातवाचा हात धरून आली. खुर्चीवर बसूनच तिने हात जोडले आणि त्रिशरण म्हटले. उतरताना मात्र पायऱ्यांशी तिची पंचाईत झाली, कारण तिथे कठडा नाही. लोखंडाचा नळ एका उपासकाने दिला आहे. वेल्डिंगचे काम येणाऱ्यांनी येत्या रविवारी सकाळी विहारात यावे.