जखमी पिल्लू आणि मैत्रीभावना



आमच्या वस्तीतील विहाराच्या मागच्या पडवीत चार-एक महिन्यांचे एक पिल्लू प्लॅस्टर घातलेला पाय घेऊन पडले आहे. मोटारीच्या धक्क्याने त्याचे मागचे हाड मोडले. मुलांनी पोत्यात घालून त्यास जनावरांच्या दवाखान्यात नेले. हाड सांधले की ते एखाद्या चांगल्या घरी द्यावयाचे आहे.

यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना बंदी होती. जन्मभर आपल्याला कुत्र्याहून खालचे लेखले. आता त्याच कुत्र्याची सेवा आपण करायची?"

या प्रश्नामागची वेदना खरी आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच अपमानाला उत्तर म्हणून. पण सांगा, तळ्यावरची बंदी कुत्र्याने घातली होती काय? विटाळाचे शास्त्र कुत्र्याने लिहिले काय? फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले बाबासाहेबांच्या कुटुंबाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात रमाई आहेत, यशवंतराव आहेत, आणि बाबासाहेबांचा लाडका टॉबी नावाचा कुत्राही आहे. अपमान कोणी केला, हे त्या महापुरुषाला नेमके माहीत होते.

कुक्कुर जातकात एक कथा आहे. ती इतिहास म्हणून वाचू नका, गोष्ट म्हणून वाचा. राजाच्या रथाचे कातडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजवाड्यातली कुत्री सोडून दिसेल तो कुत्रा मारा, असा हुकूम सुटला. तेव्हा स्मशानातल्या कुत्र्यांचा नायक राजापुढे गेला आणि त्याने ताक व दर्भ एकत्र करून वाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावले. त्यांनी कातडे ओकले! गुन्हा वाड्यातला आणि शिक्षा गावकुसाबाहेरच्यांना. ही गोष्ट आपल्यापेक्षा अधिक कोणाला कळणार?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बाण लागलेल्या पक्ष्याचा प्रसंग घेतला आहे. सिद्धार्थाने बाण काढला, जखम बांधली, पाणी पाजले आणि पक्ष्याला उपरण्यात गुंडाळून छातीशी धरून ऊब दिली. देवदत्त म्हणाला, मी मारला, तो माझा. लवादाने हक्क मान्य केला तो रक्षण करणाऱ्याचा. त्याच ग्रंथात करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत, असा भेद सांगितला आहे. पंचशीलातले पहिले शील आपण रोज तोंडाने म्हणतो. पडवीतले पिल्लू त्या शिलाचा हिशेब विचारीत आहे.

मात्र मैत्री डोळसपणे करावी लागते. पिल्लाला आपल्या घरातली तापाची, अंगदुखीची गोळी देऊ नका. ती त्याला विषासारखी बाधू शकते. कांदा-लसूण नको. साधा भात आणि उकडलेले अंडे चालते. प्लॅस्टर भिजू देऊ नये, आणि बोटे सुजली, गार पडली किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टर सांगतील तोवर उड्या बंद. आमच्याकडे मुलांना आवरणे पिल्लाला आवरण्यापेक्षा अवघड जाते!

दुखऱ्या अवस्थेत गरीब जनावरही चावते. दात लागला वा नुसते ओरखडले तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. जखमेवर तिखट-चुना लावू नका, मांत्रिकाच्या दारी तर मुळीच जाऊ नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही.

पिल्लाला भात भरवणाऱ्या दोन मुली आताच विचारतात, "गुरुजी, देऊन टाकल्यावर ते आम्हाला विसरेल का?" विसरेलही. मी त्यांना खोटा धीर दिला नाही. लवादाने सिद्धार्थाचा हक्क मानला तो पक्षी जगावा म्हणून. पिल्लू ज्या घरी नीट जगेल त्या घरी ते जावे, हे ठरविण्याचा हक्क या मुलींचाच आहे, एवढे मी सांगितले.

त्यांनी अटीही ठरविल्या आहेत. प्लॅस्टर निघून पिल्लू चारही पाय टेकून चालल्याशिवाय द्यायचे नाही. लस टोचून घेण्याचे वचन हवे. दिवसभर साखळीला बांधणाऱ्यास मिळणार नाही. नेणाऱ्यांनी पौर्णिमेला वंदनेनंतर सहकुटुंब यावे, आणि घरातल्या म्हातारीला कुत्रा चालतो का, ते आधी विचारून यावे.